मुलांच्या फुटबॉलचा चांगला प्रशिक्षक पालकाने ओळखायचा कसा?

प्रश्न : मंगळवारपेठकर

माझा मुलगा साडेदहा वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून तो नियमित फुटबॉल खेळतो आहे. आमच्या कोल्हापुरात या खेळाची गोडी शाळेत लागत नाही, ती पेठेतच लागते. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने सुरू झाले की घराघरातल्या जेवणाच्या वेळासुद्धा बदलतात. माझे वडील तरुणपणी तालमीच्या संघातून खेळलेले असल्यामुळे नातवाने खेळावे, ही त्यांची इच्छा माझ्या इच्छेपेक्षाही मोठी आहे.

सध्या मुलगा ज्या अकादमीत जातो, तिथल्या सरांचे नाव मोठे आहे. त्यांच्या खोलीत चषक ठेवायला जागा उरलेली नाही. रोज दीड तास सराव असतो, त्यातला पहिला अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारण्यात जातो, आणि पास चुकला की दहा जोर काढावे लागतात. गेल्या महिन्यात बाहेरगावच्या स्पर्धेत माझा मुलगा चार सामन्यांत मिळून सहा मिनिटे खेळला. उरलेला सगळा वेळ तो बाकावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. संघ जिंकला, पदक त्यालाही मिळाले. घरी आल्यावर ते पदक त्याने दप्तराच्या तळाशी टाकले आणि ते अजूनही तिथेच आहे.

आमच्या घराजवळच्या मोकळ्या मैदानावर बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ आठवड्यातून चार दिवस पहाटे मुलांना खेळवतात. त्यांच्याकडे चषक नाहीत आणि फलकही नाही. मी दोनदा लांबून पाहिले, तेव्हा मुले चार-चारच्या गटांत छोट्या गोलांमध्ये खेळत होती, बरीच हसत होती, आणि सर बहुतेक वेळ गप्प उभे होते. हा सराव आहे की नुसता खेळ, हे मला ठरवता आले नाही. वडिलांचे म्हणणे असे की घाम आणि धाक यांच्याशिवाय खेळाडू घडत नाही. पत्नीचे म्हणणे असे की मुलगा पूर्वी बूट घालूनच झोपायचा आणि आता सरावाच्या दिवशी त्याचे पोट दुखते, एवढे पुरेसे आहे.

मी स्वतः कधी खेळलो नाही, त्यामुळे दोघांपैकी कोणाचे खरे मानावे, हे मला कळत नाही. प्रशिक्षकाचे लायसन्स पाहावे, जिंकलेल्या स्पर्धा पाहाव्यात, की आणखी काही पाहावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जुना बॅक

मी पेठेतलाच आहे आणि तालमीच्या संघातून बारा वर्षे बचावफळीत खेळलो आहे, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाजूने लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता विचार थोडा बदलला.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात. खंडोबा तालीम असो, पाटाकडील असो, बालगोपाल असो की दिलबहार असो, तांबड्या मातीत कुस्ती शिकवणाऱ्या जागांची नावेच पुढे मैदानावर आली. त्यामुळे प्रशिक्षक म्हटले की आमच्या पिढीला वस्ताद आठवतो आणि वस्ताद म्हटले की धाक आठवतो. पण माझ्या लहानपणी मी ज्या वस्तादांच्या हाताखाली मातीत उतरलो, त्यांना ओरडताना मी फारसे पाहिलेले नाही. ते पोराच्या समोर बसायचे, त्याचा हात स्वतःच्या मानेवर ठेवायला लावायचे आणि ढाक हा डाव मारताना कंबर नेमकी कुठे वळते, ते त्याला अंगानेच दाखवायचे. डाव दाखवण्याआधी ते पडायला शिकवायचे, कारण ज्याला पडायची भीती आहे, तो डाव टाकूच शकत नाही. कोणाचा खुराक कमी आहे आणि कोण घरी भांडून आला आहे, हे त्यांना न सांगता कळायचे. धाक होता, पण तो या सगळ्यातून आलेला होता. पुढच्या काळात काही लोकांनी यातला फक्त धाक उचलला आणि बाकीचे कष्ट सोडून दिले, असे माझे मत झाले आहे.

आपल्याकडे म्हणतात की वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक स्वतःकडे राखून ठेवतो. प्रौढांच्या आखाड्यात ते चालून जात असेल. दहा वर्षांच्या मुलाला शिकवणाऱ्याने मात्र काहीही राखून ठेवू नये. आणि ज्या मुलाला चार सामन्यांत सहा मिनिटे मिळतात, त्याच्यापासून तर अख्खा खेळच राखून ठेवलेला आहे. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला आणि आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात दिसला, तेव्हापासून प्रत्येक आईबापाला आपल्या घरात एक अनिकेत आहे असे वाटू लागले आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त त्या घाईचा फायदा कोण घेतो आहे, याकडे लक्ष असू द्या.

एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. शिस्त हवी. वेळेवर येणे, बिब (गट ओळखायला घालायच्या बंड्या) गोळा करणे, पंचाशी हुज्जत न घालणे, हे पहाटेचे सर करून घेतात का, ते अवश्य पाहा.

उत्तर : शिट्टीवाल्या बाई

मी मुंबईतल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलामुलींच्या संघांना वीस वर्षांपासून शिकवते आहे. तुम्ही खेळला नाहीत, ही अडचण मानू नका. तुम्हाला मोजता येते, एवढे पुरे आहे. दोन्ही ठिकाणी वीस-वीस मिनिटे कडेला उभे राहा आणि तुमच्या मुलाच्या, किंवा त्याच्याएवढ्या कोणत्याही एका मुलाच्या, पायाला चेंडू किती वेळा लागतो ते कागदावर रेघा मारून मोजा. चौदा मुलांची रांग, समोर सहा कोन (खुणेचे प्लास्टिकचे शंकू) आणि एक चेंडू, अशी मांडणी असेल तर मूल बहुतेक वेळ पुढच्याची पाठ पाहत असते. धावून धावून त्याचा दम वाढेल, पण चेंडू आला की मान वर करून काय पाहायचे, हे त्याला रांगेत कळणार नाही. चार विरुद्ध चारच्या खेळात चेंडू सतत अंगावर येतो, कोणाला द्यायचा हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते, आणि चूक झाली तरी ती सुधारायची संधी लगेच पुन्हा येते. तुम्हाला जे नुसते खेळणे वाटले, त्यात कदाचित नीट आखलेला सराव असेल. सर खेळ थांबवून काही विचारतात का, मैदान कधी अरुंद तर कधी रुंद करतात का, एखाद्या दिवशी फक्त डाव्या पायाने गोल करायचा असा नियम घालतात का, हे पाहिले की उलगडा होईल. यातले काहीच होत नसेल, तर मात्र तो नुसता खेळ आहे, आणि तसे असले तरी तो रांगेपेक्षा बरा आहे.

आता चषकांविषयी लिहिते, कारण पालकांची सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. मोठ्यांचा गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच असतो. त्याखाली साडेचार फुटांचा गोलकीपर उभा केला की वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामाच राहतो. अशा मैदानावर दहा वर्षांच्या मुलांची स्पर्धा जिंकायची असेल, तर खेळ शिकवण्याची गरजच पडत नाही. वयाच्या मानाने लवकर वाढलेली दोन मुले शोधायची, एकाने मागून लांब उंच लाथ मारायची आणि दुसऱ्याने धावत जाऊन चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून आत टाकायचा. चषक मिळतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी इतर मुले उंचीने बरोबरीला आली की या दोघांकडे दाखवायला काही उरत नाही, आणि जी लहानखुरी मुले बाकावर बसली होती, त्यांतली बरीच तोवर खेळ सोडून गेलेली असतात. हाच विचार करून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या सामन्यांची रचना बदलली: आठ वर्षांखालील मुले पाच-पाच, दहा वर्षांखालील सात-सात, बारा वर्षांखालील नऊ-नऊ, आणि अकरा-अकराचा सामना त्यानंतरच. त्यासोबत मैदान आणि गोलही लहान केले.

तुमच्या मुलाचा जन्म वर्षाच्या कोणत्या महिन्यातला आहे? आपल्याकडे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. एकाच गटातला जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा असतो. निवड चाचणीत जानेवारीवाला चपळ ठरतो, त्याला जास्त सामने मिळतात, त्यामुळे तो खरोखरच पुढे जातो, आणि मग निवड बरोबरच होती असे सगळे म्हणतात. चांगला प्रशिक्षक निदान मुलांच्या जन्मतारखा पाहून ठेवतो. त्यावर आपल्याकडची वयचोरी येते ती वेगळीच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युवा स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासायची पद्धत आणावी लागली, यावरून तो रोग किती मुरला आहे ते समजून घ्यावे. जन्मदाखल्याचे काहीतरी करता येईल, असे सुचवणारा सर भेटला तर त्याच दिवशी मुलाला परत घेऊन या.

लायसन्स जरूर पाहावे. आपल्याकडच्या लायसन्सच्या पायऱ्या डी, सी, बी, ए आणि प्रो अशा चढत जातात. डी लायसन्स म्हणजे विद्वत्ता नव्हे, पण लहान मुलांना मोठ्यांसारखे शिकवायचे नसते, एवढे त्या माणसाने एकदा तरी ऐकलेले असते. ते नसलेली पण उत्तम शिकवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि ए लायसन्सवाले रांगेत उभे करणारेही पाहिले आहेत.

दोन लहान खुणा सांगते. पहिली चेंडूची. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तर या वयाला चार नंबरचा लागतो, जो साधारण ३५० ते ३९० ग्रॅमचा असतो. चेंडू सारखेच तर असतात, असे म्हणणाऱ्या सरांनी मुलाच्या घोट्याकडे कधी पाहिलेले नसते. दुसरी खूण हेडरची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची. निवृत्त स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीन पट असल्याचे ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात २०१९ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. अमेरिकेने तर २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला होता. साडेदहा वर्षांच्या मुलांना ओळीने उभे करून डोक्यावर चेंडू मारायला लावणारा सराव दिसला, तर शांतपणे कारण विचारा आणि सर काय उत्तर देतात ते ऐका.

उत्तर : दोन बूटजोड्यांची आई

वरच्या सगळ्या चर्चेत सुरक्षिततेचा मुद्दा आला नाही, म्हणून लिहिते. माझी मुलगी आणि मुलगा दोघेही पुण्यात फुटबॉल खेळतात. प्रशिक्षक किती हुशार आहे, हे विचारण्याआधी मी तीन गोष्टी पाहते. मुले कपडे कुठे बदलतात, बाहेरगावी गेल्यावर कोणत्या खोलीत कोण झोपते, आणि सर मुलांशी मोबाइलवर एकेकट्याने बोलतात की पालकांच्या समाईक गटावरच निरोप देतात. आमच्या पहिल्या ठिकाणी मुलींना कपडे बदलायला सामानाची एक खोली होती आणि तिच्या दाराला कडी नव्हती. मी ते लक्षात आणून दिले, तेव्हा "एवढ्या लहान मुलींना काय होतंय" असे उत्तर मिळाले. आम्ही ते ठिकाण सोडले.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, तो अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि गुन्ह्याची माहिती मिळूनही ती न कळवणे हासुद्धा त्यात गुन्हा आहे. चांगल्या प्रशिक्षकाला हे ठाऊक असते, आणि पालकाने विचारले म्हणून त्याला राग येत नाही. सध्याच्या सरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की सरावानंतर शेवटचे मूल घरी जाईपर्यंत मैदानावर दोन मोठी माणसे थांबतील, एकटे कोणी थांबणार नाही. मी विचारण्याआधीच त्यांनी ते सांगितले, एवढ्यावर माझा अर्धा निर्णय झाला होता.

मुलाचे पोट दुखते, असे तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिले आहे. ते जाता जाता लिहिण्यासारखे नाही. तो घाबरतो ते नेमके कशाला, हे एकदा त्याला सायकलवरून जाता-येता विचारा, समोर बसवून विचारू नका.

उत्तर : चुन्याची रेघ

मी स्वतः प्रशिक्षक आहे आणि बाईंनी रांगेची जी खिल्ली उडवली, ती मला लागली, कारण माझ्याकडेही रांग असते. मला सहाला मैदान मिळते आणि सातला तिथे क्रिकेटवाले स्टंप ठोकून उभे राहतात. चाळीस मुले, नऊ चेंडू, त्यातले दोन दर आठवड्याला हवा सोडणारे, मदतीला कोणी नाही. त्यात महिना अखेरीस पालक विचारतात की स्पर्धा कोणती जिंकली. जो सर हरतो पण सगळ्यांना खेळवतो, त्याच्याकडची मुले पुढच्या हंगामात चषकवाल्याकडे जातात, आणि ती नेणारे पालकच असतात. प्रश्नकर्त्यांनी राग मानू नये, पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलाला त्या अकादमीत घातले, ते त्या खोलीतले चषक पाहूनच ना?

पालकांच्या आणखी एका सवयीविषयी बोलतो. सामना सुरू असताना कडेच्या रेघेवर वीस बाप उभे असतात आणि "मार, मार, लांब मार" असे ओरडत असतात. मी मुलाला सांगितलेले असते की मागून चेंडू आला की थांबव, वळ आणि जवळच्याला दे. आता त्याने ऐकायचे कोणाचे? बापाचेच ऐकणार, कारण घरी जेवायला बापाबरोबर बसायचे आहे. परतीच्या वाटेवर गाडीत सामन्याची जी उलटतपासणी होते, तिने माझा आठवड्याचा सराव धुऊन निघतो.

प्रशिक्षक चांगला असावा, हे मान्य आहे. पण तो पालकांच्या गराड्यात चांगला राहू शकेल, इतकी मोकळीक त्याला कोणीतरी द्यायला हवी.

उत्तर : शिट्टीवाल्या बाई

रेघवाल्या सरांची तक्रार रास्त आहे आणि खिल्ली वाटली असेल तर मी दिलगीर आहे. चाळीस मुले आणि नऊ चेंडू असतील, तर मैदानाचे पाच चौकोन करावेत आणि प्रत्येकात चार विरुद्ध चार खेळवावेत. पाचच चेंडू लागतील, ज्यांची हवा जाते ते दोन बाजूला ठेवले तरी दोन हाताशी राहतात. गोलांसाठी मुलांच्या चपला चालतात. दर सहा मिनिटांनी जिंकणारा गट एका चौकोनाने पुढे आणि हरणारा मागे सरकवला, की मुले आपोआप तोडीस तोड जोडीदारांत येतात आणि सरांना एकेका चौकोनापाशी उभे राहून पाहायला वेळ मिळतो. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो. दुसऱ्या आठवड्यात मुलेच चपला मांडू लागतात.

आणखी एक राहून गेले होते. सुरुवातीच्या फेऱ्यांऐवजी फिफाने सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेला वॉर्म-अप करावा. त्यात एका पायावर तोल सांभाळणे, उड्या आणि नीट पडणे शिकवतात, आणि त्याने दुखापती कमी होतात. जुन्या बॅक यांच्या वस्तादांना पडणे शिकवण्यासाठी फिफाची गरज लागली नव्हती, हे वाचून मला बरे वाटले.

उत्तर : फ्योर्डकाठचा सातारकर

मी अकरा वर्षे नॉर्वेत राहतो आणि माझी दोन्ही मुले इथल्या वस्तीच्या क्लबात खेळतात. इथल्या क्रीडा महासंघाचे मुलांच्या खेळातील हक्कांविषयीचे नियम आहेत, आणि त्यांनुसार मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या स्पर्धांचे गुणतक्ते लावता येत नाहीत. सामने होतात, गोल मोजले जातात, मुलांना जिंकलो की हरलो हे चांगले ठाऊक असते. फक्त मोठ्यांना त्याचा तक्ता करून भिंतीवर लावायची परवानगी नाही. सुरुवातीला मला हा अतिरेक वाटला होता. सातारी माणसाला निकाल न लावता शर्यत कशी पचावी? पण चुन्याची रेघ यांनी लिहिलेला पालकांचा गराडा इथे कमी दिसतो, त्याचे एक कारण हाच नियम असावा, कारण चषकच नसले की पालकाला सर निवडताना सरांकडेच पाहावे लागते.

इथले ब्रिने नावाचे लहान गाव नामवंत फुटबॉलपटू एर्लिंग हालांडमुळे सगळ्यांना माहीत झाले आहे. हालांड ज्या गटात वाढला, त्यात सुमारे चाळीस मुले होती, आणि अल्फ इंग्वे बेर्नत्सेन या प्रशिक्षकांनी तो गट वर्षानुवर्षे एकत्र ठेवला; हुशार आणि कच्चे अशी कायमची विभागणी करून कच्च्यांना घरी पाठवले नाही. मला हालांडपेक्षा त्या गटातल्या इतरांचे जास्त कुतूहल वाटते. हालांड कुठेही वाढला असता तरी कदाचित पुढे गेला असता, पण जो मुलगा पुढे खेळाडू होणार नव्हता, त्यालाही दर आठवड्याला मैदानावर यावेसे वाटत राहिले, हे प्रशिक्षकाचे काम होते.

थंडी, गावातले बंदिस्त मैदान आणि पालकांची सुबत्ता हे सगळे इथले आहे, ते कोल्हापुरात जसेच्या तसे आणता येणार नाही. एक प्रश्न मात्र कुठल्याही गावात विचारता येतो, आणि तुम्ही तो दोन्ही सरांना विचारून पाहा: तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेल्या मुलांपैकी आज किती येतात?

प्रश्नकर्ता : मंगळवारपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. चुन्याची रेघ यांचा टोला मी मान्य करतो. मी चषक पाहूनच गेलो होतो.

बाईंच्या सांगण्याप्रमाणे वहीत रेघा मारून मोजले. अकादमीत वीस मिनिटांत मुलाच्या पायाला चेंडू अकरा वेळा लागला, त्यातले सहा कोनांमधून नेताना. पहाटेच्या मैदानावर सरांच्या परवानगीने तो एक दिवस खेळला, तिथे सत्तर रेघा झाल्यावर मी मोजणे सोडून दिले. मधेच सरांनी खेळ थांबवला. माझ्या मुलाने चेंडू थेट विरोधी मुलाच्या पायात दिला होता आणि तो सवयीने जोर काढायला खाली वाकला. सरांनी त्याला उभे केले आणि विचारले, "पास देताना तुला कोण कोण दिसत होतं?" तो म्हणाला, "कोणीच नाही, मी चेंडूकडे बघत होतो." सर म्हणाले, "मग पुढच्या वेळी चेंडू यायच्या आधी एकदा बघून घे," आणि शिट्टी वाजवून बाजूला झाले. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागला नसेल.

तीन वर्षांचा प्रश्न दोघांनाही विचारला. अकादमीच्या सरांनी जिल्हा संघात निवड झालेल्या मुलांची नावे सांगितली. पहाटेच्या सरांनी खिशातून हजेरीची वही काढली, मागची पाने उलटली आणि सांगितले की एकोणीस आली होती, त्यातली चौदा येतात, दोघांचे वडील बदली होऊन गेले, आणि तिघे का थांबले हे मला विचारायचे राहून गेले. त्यांच्याकडे डी लायसन्स आहे, हेही बोलता बोलता कळले. मैदानावर त्यांच्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका शेवटपर्यंत थांबतात.

पोट का दुखते, ते सायकलवर विचारले. जोर काढण्याची भीती नव्हती. चुकल्यावर सगळे मिळून त्याला एका टोपणनावाने हाक मारत आणि सर हसत, हे त्याने रंकाळ्याच्या वळणावर सांगितले. ते टोपणनाव इथे लिहीत नाही. वडिलांना ते सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की आमच्या वस्तादाने कधी कोणाला नाव ठेवले नव्हते.

अकादमीत भरलेली तिमाहीची फी परत मिळणार नाही, असे कळले आहे. सोमवारपासून तो पहाटे जाईल. सरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या आहेत: सरावाच्या वेळी पालकांनी कुंपणापलीकडे उभे राहायचे आणि आतल्या कोणालाही काही सांगायचे नाही, आणि घरातला पाच नंबरचा चेंडू बदलून चार नंबरचा आणायचा. चेंडू काल आणला. पाच नंबरचा वडिलांनी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला आहे.